चेलोच्या जागी

ता. ९, रविवार

चि. खंड्या यास,

आशीर्वाद उरला तर शेवटी लिहीन. गुडघे बरे आहेत, कुंडीतल्या जाईला कळ्या आल्या आहेत. ताईने तुझा अल्बम आणून लावून दिला. मध्येच उठायचं नाही, अशी ताकीदही दिली. उठलो नाही.

व्हायोलिन, चेलो, इथवर ठीक. मग गिटारी गरजल्या, कुणीतरी पत्रा फरफटत नेला, आणि फ्रिजची घरघर तर तू पाहुणीसारखी मधोमध बसवलीस. ताई म्हणते, याला पोस्ट-रॉक म्हणतात. म्हणोत. आमच्या वेळी याला मांडणी कोसळली म्हणत.

पण तिसऱ्या गाण्यात तुझी आई बोलली.

ती गेल्यावर 'जपून ठेवतो' म्हणून तू टेप नेलीस, ती यासाठी? भांडी घासताना आम्ही शाळेतली ती नदीची कविता म्हणायचो. वाटसरू विचारतो, नदी सांगते. वाटसरू मी, नदी ती. ती घासायची, मी विसळायचो, कविता संपेतो ओटा लख्ख. शाळेत असताना तूच एकदा ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून ते सगळं उतरवून घेतलंस.

त्यातला वाटसरू तू कापलास. उत्तरं ठेवलीस, प्रश्न काढून तिथे चेलो भरलास. ताईने फोनवर विचारलं तर म्हणालास, "बाबांचा आवाज मास्तरकी करतो. सूर बिघडतो."

जन्मभर त्या आवाजाला तुझी आई उत्तर देत आली, तिचा सूर कधी बिघडला नाही. तू कोण टिकोजीराव लागून गेलास? कुणी काही विचारत नसताना चारचौघांत तिला एकटीला बोलत बसवलंस, भ्रमिष्टासारखं. वर टाळ्या घेतल्यास.

अल्बम परत पाठवणार होतो. पाठवला नाही. घासायला आता एकच ताट असतं, ते घासताना लावतो. चेलो सुरू झाला की त्याच्यावर माझी ओळ म्हणतो, मोठ्याने, मास्तरकीने. पण तू तिचा आवाज इतका ताणला आहेस की ताट विसळून होतं, ओटा पुसून होतो, तरी ती पहिल्याच उत्तरात असते. मी फडकं हातात धरून उभा राहतो.

ती खरी किती भरभर म्हणायची, ते मी विसरू लागलोय.

मूळ टेप पाठव. तू येऊ नकोस. टेप पाठव.

आशीर्वाद उरला नाही. टेप आली की बघू.

वाटसरू