पाच नंबरचं इंजिन आणि मुशीचं तेल

३ नोव्हेंबर
मिळालं! इंजिन मला मिळालं! आमच्या शेठच्या कारखान्याच्या गेटपाशी रुळांवर इतकी वर्षं गंजत उभं असलेलं पाच नंबरचं वाफेचं इंजिन चालू करायचंय — आणि बॉयलर पेटवायचं सर्टिफिकेट कुणाकडे? मेघाली पुंडलिक तांडेलकडे! शेठ म्हणाले, "बारा डिसेंबरला वाफ धरली नाही, तर भंगारात." धरेल. धरेलच!

९ नोव्हेंबर
सफाळ्याहून आत्मारामकाका आले. वय ब्याऐंशी. साखर कारखान्यात हेच इंजिन उसाच्या वाघिणी ओढायचं, तेव्हा हे त्यावर फायरमन. गंज चढलेल्या चाकावर हात फिरवून म्हणाले, "जाड झालीस गं!" मी हसून हसून खालीच बसले.

१६ नोव्हेंबर
नळ्या बदलल्या. कोळसा फेकायचा नाही, पसरायचा — काका दहा वेळा ओरडले. नाकापर्यंत काळी झालेय.

२३ नोव्हेंबर
रविवार म्हणून सरावलीच्या खोलीवरून मुरब्याला घरी गेले. बाबांना सांगितलं, घासलेलं लोखंड खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसांत परत लाल होतं. त्यांनी बोटीला लावायच्या मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा डबाच पुढ्यात ठेवला. "लाव. बोट कुजत नाय, तर ही पन नाय गंजनार." अख्खा डबा! एरवी वाटीभर मागितलं तरी कुरकुरतात.

२ डिसेंबर
पहिली वाफ! आणि आई गं, काय ती घाण! बॉयलर तापला, तसं मी वरपासून खालपर्यंत चोपडलेलं तेलही तापलं. भर एमआयडीसीत मासळीबाजार! मांजरं जमली — सतरा मोजली! शेजारच्या कंपनीचा वॉचमन विचारतो, "मॅडम, क्या पका रही हो?" शेठ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हा वास गेला नाही तर बारा तारखेचीसुद्धा वाट बघणार नाही." हसू आणि रडू एकदमच आलं.

३ डिसेंबर
फोनवर रडले होते, तर सकाळी बाबा सोडा आणि काथ्या घेऊन हजर. दिवसभर तिघांनी घासलं. ऐन हंगामात बोटीवर का नाही गेलात? "वारा हाय." झाडाचं पान हलत नव्हतं! पण मला काय, घासायला माणूस मिळाला.

१२ डिसेंबर
धरली! वाफ धरली! बॉयलर इन्स्पेक्टरांनी काट्यावर टिचकी मारली आणि सही केली. काकांनी शिट्टीची साखळी माझ्या हातात दिली. अशी ओढली, की शेजारच्या कंपनीतले लोक जेवायची सुट्टी समजून बाहेर! इंजिन साठ पावलं पुढे, साठ मागे. शेठ म्हणाले, "आता हिला इथून कोण हलवतो बघू."

बाबांनी नारळी पौर्णिमेला बोटीला लावतात त्या पताका आणून इंजिनाला बांधल्या. हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, मग बोटीला काय? "ऱ्हाऊ दे हिच्यावरच." वर चढले ते उतरायलाच तयार नाहीत!

१४ डिसेंबर
बाबा राहू दे म्हणाले होते, तरी पताका सोडून बोटीवर परत ठेवायला बंदरावर गेले. आमच्या बोटीची जागा रिकामी. शेजारचा केतन म्हणाला, "तुला ठावं नाय? दिवाळीतच तोडायला दिली."

म्हणून अख्खा डबा.