गोविंदाकाकाचा खाडा

बाबा, पाया पडते.

गोविंदाकाकाचं नाव काढलं का फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून राह्यली. मले कावीळ झाली होती. भिऊ नका, आता भाकर पचते. आईले एवढ्यात सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे? मोताळ्याच्या बाजाराले पायी जाऊ देऊ नका.

तीन आठवडे कंपनीत गेली नाही, तरी पैसे मिळाले. कामगार विम्याच्या ऑफिसातल्या मॅडमनं समजावलं, डॉक्टरची चिठ्ठी पाह्यतात, आधीच्या पगारावरून रोजची सरासरी काढतात आन् शंभरामागे सत्तर देतात. मधातले रविवारही धरले होते. मले वाटलं, चुकून धरले. मॅडम हसल्या, "रविवारी काय बिमारी सुट्टी घेते का?"

तवापासून आपल्या वावरात वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार गोविंदाकाका डोळ्यासमोर येतात. मागच्या साली ते पंधरा दिवस खाटेवर होते. तुम्ही सगळा खाडा धरून त्यांचे पैसे कापले.

डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्यापाशी नव्हती. पण फवारता फवारता ते आपल्याच कपाशीत पडले, हे आपण दोघांनी पाह्यलं होतं. त्यांचा हिशेब तुम्ही काढता, का मी इथून काढून पाठवू?

तुमचीच लेक,
पुष्पांजली