मुक्या नेमबाजाला मैदान हवं

सोमवार, ३ मार्च

हाकललं मला! क्लबातून! वीस वर्षं ज्या मैदानावर तबकड्या फोडल्या, तिथून!

नवीन यंत्र बसवलंय. नेमबाज ओरडला की समोरचा माइक ऐकतो आणि खड्ड्यातलं यंत्र मातीची तबकडी हवेत भिरकावतं. आणि माझं स्वरयंत्र आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कापून काढलंय. मानेला श्वासापुरतं भोक ठेवलंय, त्यावर पातळ रुमाल बांधतो. ओरडू कुठून?

सेक्रेटरी म्हणतो, "काका, शिट्टी वाजवा." अरे शहाण्या, शिट्टीला तोंडातून वारा यावा लागतो, माझा मानेतून येतो! बोलायचं यंत्र गळ्याला धरावं तर एक हात अडकतो, आणि दुनळी बंदुकीला दोन्ही लागतात. पाटीवर लिहून दाखवलं — माझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला ओरडू द्या. "नियमात नेमबाजाचाच आवाज आहे, काका. तुम्ही आता खुर्ची टाकून गुण लिहीत बसा की."

गुण लिहा म्हणे! गळा गेलाय माझा, डोळा नाही. दुसरी जागा शोधतो. बघतोच.

गुरुवार, ६ मार्च

नदीपलीकडच्या मैदानाचं गोदाम झालंय. पहारेकऱ्यानं मला बहिरा समजून ही बातमी कानात बोंबलून सांगितली.

शनिवार, ८ मार्च

पोलिसांच्या मैदानावर गेलो. "वरून लेखी आणा." वर म्हणजे कुठे? साहेब रजेवर!

बायको म्हणाली, "जीव वाचला तेवढं पुरे झालं. विका ती बंदूक." पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — नाही. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं. मी परत लिहिलं. तिनं परत पुसलं. जेवण गार झालं.

मंगळवार, ११ मार्च

मिळाली! गावाबाहेरची दगडाची खाण. मालक पूर्वीचा हौशी नेमबाज. त्याच्या शेडमध्ये जुनं स्प्रिंगचं यंत्र गंजत पडलंय — मागून लांब दोर ओढला की तबकडी सुटते. ना माइक, ना सेक्रेटरी! "रविवारी खाण बंद. समोर नुसता कडा. खुशाल उडवा बार. पण दोर ओढायला माणूस तुमचा आणा."

जुन्या दोस्तांना विचारलं. एकाचा गुडघा दुखतो, एकाला नातीला सांभाळायचंय. सगळे एकाच माळेचे मणी! शेवटी बायकोच भांडी घासता घासता म्हणाली, "मी येते. बंदुकीला हात लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

रविवार, १६ मार्च

फज्जा! ठरलं होतं की मी टाच आपटली की तिनं दोर ओढायचा. मान हलवून खूण करता येत नाही. गाल बंदुकीच्या दस्त्यावरून सुटला की नेम गेलाच. पण टाच आपटली की सगळं अंग हलतं. पंचवीसपैकी चार! वर मागून हिची टकळी सुरूच — "हळू आपटा, पाय मोडून घ्याल."

परतताना उरलेली काडतुसं मोजत बसलो.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार. नाही गेलो तर नाव बदलेन!

रविवार, २३ मार्च

एकवीस!! पंचवीसपैकी एकवीस!

ही या वेळी दोर घेऊन माझ्या बाजूला उभी राहिली. टाच आपटायचं विसरूनच गेलो. मी तयार झालो की तबकडी हवेत — दर वेळी, अगदी नेमक्या क्षणी. मुंगीएवढी तरी मी काही खूण केली असेन तर शपथ! सेक्रेटरीला पत्र टाकणार आहे, गुणांसकट. गुण लिहीत बसा म्हणाला होता ना? घे!

बायकोला पाटीवर विचारलं — तुला कळत कसं होतं? "आधी हात धुवा, दारूचा वास येतोय," म्हणून उडवून लावलं. बंदुकीच्या दारूचा हो!

सोमवार, २४ मार्च

सकाळी पुन्हा पाटी पुढे केली. सांगितलं एकदाचं. "त्या भोकावरचा रुमाल बघते. बार काढायच्या आधी तुम्ही श्वास धरता, तेव्हा तो हलायचा थांबतो. आठ महिने रोज रात्री जागून तेच तर बघतेय, थांबला तर नाही ना."

लाज वाटली मला. दुपारी डुलक्या काढते म्हणून मीच हिला कुंभकर्णाची बहीण म्हणत आलोय.