कोऱ्या फॉर्मचं कुलूप

प्रिय जसीर,

शेजारचा शाहुल गुरुवारी दोह्याला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि कैरीच्या लोणच्याची बरणी देते आहे. रोज फोनवर बोलतो तरी उम्माला पत्र लिहायची काय हौस आली, असं तुला वाटेल. फोनवर तुझे उप्पा शेजारी बसलेले असतात आणि दोन मिनिटांत फोन त्यांच्या हातात जातो. शिवाय काही गोष्टी बोलताना मला मध्येच थांबावं लागतं. कागद बरा, तो थांबून घेतो.

क्लिनिकचं काम तसंच चालू आहे. इस्पितळांनी ‘आता घरी न्या’ म्हणून पाठवलेली माणसं आपल्या गावात कमी होत नाहीत. सकाळी लिस्सी सिस्टर, सरोजिनी टीचर आणि मी वेलायुधनच्या जीपमधून निघतो. पाठीवरच्या जखमा धुवायच्या, औषध द्यायचं, घरच्यांचं ऐकून घ्यायचं. परत येऊन प्रत्येकाचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा. हल्ली जीपमधून उतरताना पाय जड होतात. पूर्वी होत नसत.

तो फॉर्म तूच करून दिलास. कोरा फॉर्म उघडायचा, भरायचा आणि रुग्णाच्या नावानं वेगळा ठेवायचा, एवढंच काम. पण आपली माणसं! टीचर भरून झालं की सरळ सेव्ह दाबायच्या. कोरा फॉर्म गेला, त्याच्या जागी कुणा आजोबांची सगळी हकिकत. मी वैतागले की म्हणायच्या, “अगं मैमूना, जन्मभर फळ्यावर लिहिलं नि पुसलं. इथलं डस्टर कुठाय तेवढं दाखव!” वेलायुधनची निराळीच तऱ्हा. “मैमूना इत्ता, त्या फॉर्मच्या दारात एक कुत्रा बांधा. टीचर कुत्र्याला फार भितात.” आणि मी आपली पुन्हा पुन्हा तुला फोन करायची, बाळा, फॉर्म परत गेला.

मग ते कार्त्यायनीअम्मांचं झालं. आधीच्या रुग्णाचा मॉर्फिनचा डोस फॉर्मवर तसाच राहिला, वर नाव तेवढं बदललं. त्या पाखराएवढ्या म्हातारीला तो डोस गेला असता तर ती झोपेतून उठलीच नसती. लिस्सी सिस्टरनं बाटली हातात घेतली आणि थबकली. “हा ह्यांचा डोस नाही,” एवढंच म्हणाली आणि बाटली परत पिशवीत ठेवली.

तू तिकडे कामावरून दमून आला होतास, तरी बसलास आणि तिथूनच कोऱ्या फॉर्मला कुलूप घातलंस. आता कुणीही उघडला तरी त्याची नक्कलच उघडते, मूळ फॉर्मला धक्का लागत नाही. त्याला हात लावायचा तर पासवर्ड लागतो, आणि तो तू फक्त मला दिलास. “उम्मा, टीचर पाया पडल्या तरी सांगू नकोस,” म्हणालास. तेव्हापासून फॉर्म कोराच राहिला. मी निर्धास्त झाले. बाकी कशाबद्दल नसेना, त्या एका गोष्टीबद्दल तरी.

उप्पांनी आरागिरणीत जाणं बंद केलंय ते तुला ठाऊक आहे. गुडघे धरले म्हणून, असं आम्ही तुला सांगितलं. तांदळाची पत्तिरी आता त्यांना जात नाही, भाताची पातळ कंजी तेवढी घेतात, तीही अर्धी ठेवतात. मागे व्हिडिओवर तू म्हणालास, उप्पा, किती बारीक झालात! त्यावर ते म्हणाले, “तुझ्या उम्माच्या हाताची चव गेली, मी काय करू?” तू हसलास. मीही हसले. फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

गेल्या सोमवारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायची होती. मी कुलूप काढून मूळ फॉर्म उघडला. तेवढ्यात लिस्सी सिस्टर मंजेरीच्या इस्पितळातून उप्पांचा रिपोर्ट घेऊन आली. माझ्यापुढे ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मला वाचून दाखवावा लागला नाही, असले रिपोर्ट वाचण्यातच माझी इतकी वर्षं गेली. वाचला, आणि रडायचं सोडून मी भरायला लागले. सवयीनं, बाळा. नाव, बीरान. आजार, स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. भरून झाल्यावर सेव्ह दाबलं आणि घरी येऊन कंजी चुलीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी टीचरनी नव्या रुग्णासाठी फॉर्म उघडला, तर वर उप्पांचं नाव. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा तेच नाव. इतके दिवस मी ज्यावरून त्यांना टाकून बोलत आले ते माझ्याच हातून झालं होतं. टीचर म्हणाल्या, “मैमूना, आज आपण कागदावरच लिहू.” वेलायुधन बाहेर जाऊन आधीच पुसलेली जीपची काच पुसत बसला.

दोन दिवसांनी जीप आपल्या दारात थांबली. उप्पा ओट्यावर होते. “काय रे वेलायुधा, रस्ता चुकलास?” म्हणाले. मग त्यांनी लिस्सी सिस्टरच्या हातातली औषधांची पिशवी पाहिली. “या, आत या,” म्हणाले, आणि मला चहा ठेवायला सांगितलं. संध्याकाळी म्हणाले, “पोराला कळवू नकोस. आला की नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसेल. मला ते नाही सोसायचं.” मी मान डोलावली.

जसीर, त्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: आजाराची कल्पना घरात कोणाकोणाला आहे. पत्नी, हो. मुलगा, नाही. असं ‘नाही’ मी किती घरांचं लिहिलं असेल! करिप्पूरला विमानातून उतरून बॅगेसकट थेट कबरस्तानात आलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांवर मनातून चिडायचे मी. तसं मला माझ्या घरी होऊ द्यायचं नाही, म्हणून उप्पांना दिलेला शब्द मोडते आहे. रजा मिळेल तेव्हा नको, आत्ता ये. अजून ते भिंत धरून अंगणापर्यंत येतात. तुला रागावतील, मलाही रागावतील. रागावू देत. टीचर रोज विचारतात, फॉर्म कोरा कधी करतेस? कागदावर लिहून त्यांचे हात दुखतात. मी उद्या म्हणते. पासवर्ड मला पाठ आहे, पण उप्पांचं नाव पुसायला माझं बोट उठत नाही. तेवढं तू आलास की करून दे.

तुझीच,
उम्मा