एरिकुसाहून आलेली बोट

कॉर्फू, ३ फेब्रुवारी १८५२

कायदेमंडळाची सभा पुन्हा तहकूब! पानागीस ठराव वाचायला उभा राहिला — आमच्या ग्रीक बेटांचा कारभार आमच्या हाती द्या — तेवढ्यात इंग्रज कमिशनरसाहेबाचा सेक्रेटरी हुकूम घेऊन आत आला. सहा महिने बंद. कारण दिलं नाही. इंग्रज आमचे 'संरक्षक', ते कशाला कारण देतील! पानागीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिला. आम्ही बाकीचे टोप्या शोधत होतो.

५ फेब्रुवारी

पानागीसला पहाटे घरातून उचललं. खटला नाही, काही नाही. एरिकुसा बेटावर नेऊन टाकलं. तिथे कोळी आणि बकऱ्या.

११ फेब्रुवारी

पानागीसच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जाला उत्तर नाही. क्लबात सगळे तावातावाने बोलतात, कॉफी संपली की घरी जातात. मीही.

२० फेब्रुवारी

पानागीसची बायको रुबीनी आली होती. खोकल्यातून रक्त पडतंय म्हणे त्याच्या.

"भावजी, तुम्ही काउंट. कमिशनरच्या राजवाड्याचं दार तुम्हाला उघडतं. भाषणं पुरे झाली, माझा माणूस आणा."

२२ फेब्रुवारी

राजवाड्यावर गेलो. ताटकळत ठेवलं. साहेब गोड बोलतो, तेच जास्त झोंबतं.

"तुम्ही समजूतदार आहात, काउंट. एवढंच लिहून द्या — सभा कायद्याने तहकूब झाली, तो ठराव इतर सभासदांना मान्यच नव्हता. मित्र तुमचा परत."

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"मग राहू द्या. समुद्राची हवा चांगली असते."

तसाच उठून आलो.

२४ फेब्रुवारी

सही केली. मेलेल्या माणसाला स्वराज्य घेऊन काय करायचंय? जगला तर पुन्हा भांडेल — दिवसभर स्वतःला हेच बजावतोय. रुबीनी वहिनींना फक्त सुटका झाल्याचं सांगितलं. त्या माझे हात धरून रडल्या. कशाच्या बदल्यात सुटका, ते विचारलं नाही. मीही बोललो नाही.

२७ फेब्रुवारी

बोट आली. पानागीस नव्हता.

तांडेल म्हणाला, "बोटीत पाय ठेवला होता त्यांनी. मग विचारलं, सुटका कशाच्या बदल्यात? शिपायाने तुमचा कागद वाचून दाखवला. ते उतरले. म्हणाले, रुबीनीला सांग, तूच इकडे ये."

"आणि मला काही निरोप?"

"नाही, मालक."

वहिनी उद्या निघताहेत. बंदरावर येऊ नका म्हणाल्या.