कूलरमध्ये बसलेल्या कोंबडीस मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय,
जि. वर्धा.

विषय : शेजाऱ्यांच्या कूलरमध्ये अंड्यांवर बसलेल्या कोंबडीस पिल्ले निघेपर्यंत मुदत मिळणेबाबत.

संदर्भ : निवासी वस्तीत कोंबड्या पाळल्याबद्दल मला बजावलेली आपली दुसरी नोटीस.

महोदय,

सविनय सादर की, माझे शेजारी श्री. प्रभाकरराव वैरागडे (सेवानिवृत्त) यांच्या तक्रारीवरून आपण पहिली नोटीस दिली. कोंबडा पहाटे आरवून झोपमोड करतो, असे तीत होते. मी कायद्याला मानणारी बाई आहे. त्याच आठवड्यात कोंबडा रोहणा गावी भावाकडे पोचवला. बसमध्ये कंडक्टरची बोलणी खाल्ली, तीही सोसली. तेव्हापासून प्रभाकररावांना पहाटे जागच येत नाही आणि फिरायला निघेपर्यंत ऊन डोक्यावर येते, तो भाग वेगळा.

दुसऱ्या नोटिशीत "आपल्या आवारातील सर्व कोंबड्या हटवाव्यात" असा हुकूम आहे. त्याचेही पालन झाले. कोंबड्या नाचणगावला बहिणीकडे गेल्या. एक चितकबरी तेवढी राहिली, पण ती माझ्या आवारात नाही. ती कोंबडा असतानाच भिंतीवरून उडून प्रभाकररावांच्या अंगणातल्या बंद कूलरमध्ये शिरली. कूलरची एक ताटी निघालेली होती, आतले जुने गवत तिला पसंत पडले. तिथेच अंडी घालून ती खुडूक बसली आहे. अंडी कोंबडा घरी असतानाची आहेत, याची कार्यालयाने खात्री बाळगावी.

आता साहेब, कोंबडी ज्याच्या आवारात, नोटीस त्याला, असे नियमच म्हणतो. पण मी तशी मागणी करत नाही. रोज तोंड पाहायचे आहे. मात्र खुडूक कोंबडी उठवली तर सगळी अंडी वाया जातात. मालक गेल्यापासून घरात माझ्या हाकेला ओ देणारी ती एकटीच आहे. तिले हाकलून देणे माझ्याने होणार नाही.

गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले, प्रभाकररावांचा तेवढा बंद आहे. ऊन असे तापून राह्यले की गच्चीवर पाय ठेववत नाही. ते ओला पंचा अंगावर घेऊन पडतात आणि विचारले तर मोटार बिघडली म्हणतात. त्यांच्या पत्नी नलूताईंनी भिंतीवरून मला सांगितले ते जसेच्या तसे देते : "मोटार-बिटार काई बिघडली नाई वो बाई. तिले तांदळाची कणी तेच टाकून राह्यले. तुमाले सांगू नको म्हनत."

तरी पिल्ले निघून हिंडती होईपर्यंत कारवाई थांबवावी. आपले कर्मचारी पाहणीला आलेच, तर त्यांनी कूलरचे बटण दाबू नये, ही हात जोडून विनंती.

दोन्ही नोटिशी पाळलेली,
मीराबाई लहानू थूल
दि. १६ एप्रिल २०२५

सोबत :
१) दोन्ही नोटिशींच्या प्रती.
२) कूलरमधील कोंबडीचा फोटो (नलूताईंच्या मोबाईलवरून).
३) श्री. प्रभाकरराव वैरागडे यांचा स्वतंत्र अर्ज. विषय : निघणाऱ्या पिल्लांपैकी एक कोंबडा स्वतःच्या घरी पाळण्यास परवानगी मिळणेबाबत.