पाठवायची राहिलेली दुर्बीण

प्रिय सूनबाई,

सूनबाई म्हणायचा हक्क मला आता आहे की नाही, देव जाणे. तुमच्या दोघांच्या सह्या झाल्या, वाटा वेगळ्या झाल्या, पण सासूचं काय करायचं हे त्या कागदांत कुणी लिहिलंच नाही. म्हणून मी आपलं जुनंच नाव चालवते. नाही आवडलं तर तेवढा शब्द खोडून वाच.

तू सामान नेलंस त्या दिवशी कपाटाच्या वरच्या कप्प्यात तुझी ती दोन डोळ्यांची दुर्बीण राहून गेली. कुरिअर करा, असा निरोप तू माझ्या लेकाला धाडलास. त्याने तो मला सांगितला आणि तेव्हापासून मी टाळतेय. कधी खोकं मिळत नाही, कधी शिवणाच्या दुकानात काम फार, कधी गुडघा. बहाणे करण्यात मी कुणाला हार जाणार नाही, तुला ठाऊकच आहे. खरं कारण एकच. या घरात तुझी तेवढीच वस्तू उरली होती. ती गेली की तुझं-माझं काय राहिलं, या भीतीनेच माझा हात पुढे होईना.

आणि ठेवलीच आहे तर निदान बघावं तरी, असं झालं. दिवेलागणीला गच्चीवरचे कपडे काढत होते, तर समोरच्या इमारतीवर हा एवढा ठळक दिवा! आधी वाटलं विमान. पण जागचं हलेना. मग वाटलं मोबाइलचा टॉवर. पण टॉवर तर आपल्या मागच्या बाजूला. मग तुझं बोलणं आठवलं, लुकलुकत नाही तो ग्रह. झालं, कपडे तिथेच टाकले आणि गुडघा बिडघा विसरून दुर्बीण आणायला जिना उतरले.

डोळ्याला लावली तर सगळं धूसर. मधलं चाक फिरवून डावा डोळा साफ झाला, उजवा काही केल्या होईना. बऱ्याच वेळाने कळलं की उजव्या डोळ्याला वेगळी कडी असते आणि ती अजून तुझ्या नजरेवर बसवलेली आहे. खोटं नाही सांगत, फिरवायला मन धजेना. शेवटी खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढला, तुझ्या जागेवर बारीकशी रेघ मारली आणि मग फिरवली. आणि काय सांगू! तो दिवा दिवा राहिलाच नाही, चांगली गोल टिकली झाली. तिच्या शेजारी तीन ठिपके एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, काचेवर धूळ आहे. पुसली. ठिपके तिथेच. पुन्हा पुसली. धूळ असती तर दुर्बीण हलवल्यावर तीही हलली असती ना गं? मग लक्षात आलं, तू सांगायचीस ते गुरूचे चंद्र हेच. एकटीच मोठ्याने अगंबाई म्हणाले.

हात मात्र असे थरथरत होते की चारही चंद्र नाचायला लागले. या वयात पहिल्या फटक्यात सुई ओवणारी मी, आणि इथे माझी फजिती. मग चिंध्या भरून उशी शिवली, कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर कोपरं टेकली. आता कसे गुपचूप उभे राहतात. रोज दुकान बंद करून वर जाते आणि दिसतील तसे ठिपके खडूने पाण्याच्या टाकीवर काढते, दिवसाला एक ओळ. टाकीची पार शाळेतली पाटी झालीय.

आता माझे प्रश्न ऐक, कारण इथे विचारू कुणाला? हे चौघे रोज जागा बदलतात. मग काल डावीकडे होता तोच आज उजवीकडे आला, हे ओळखायचं कसं? शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायला आले की मी कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याची खूण घालते, म्हणजे एकाचा दुसऱ्याला जात नाही. इथे दोरा कुठे घालणार? पण टाकीवर बघून बघून एक मला सापडलाय. सगळ्यात लांब जातो तो. फार संथ, रोज थोडाच सरकतो, तुझ्या सासऱ्यांसारखा. आतला मात्र भिंगरी आहे, आज या अंगाला तर उद्या त्या अंगाला. परवा तर तीनच दिसले. मला वाटलं माझाच डोळा. चष्मा पुसला, उशी सारखी केली, तरी तीनच. दुसऱ्या दिवशी चौथा हजर! म्हणजे मागे गेला होता की पुढून चालला होता? आणि पुढून जात असेल तर एवढ्या झगझगाटात त्याचा ठिपका दिसणारच कसा? हे मला कळल्याशिवाय चैन पडायचं नाही.

यातही एक भानगड झालीच. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी लेकाकडे तक्रार केली, तुमच्या आई दुर्बीण लावून आमच्या घरात बघतात म्हणे. अगं, त्यांच्या घरात बघण्यासारखं आहे काय? नवरा-बायको दोघं दोन टोकांना बसून आपापल्या मोबाइलात. पण लेक कामावरून आला तो तणतणतच गच्चीवर आला. मी दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि वर बोट दाखवलं. कितीदा तू त्याला वर हाक मारायचीस, मला खाली मशिनवर बसून ऐकू यायचं, आणि हा आलो आलो करत खालीच. आता मान अवघडेपर्यंत बघत राहिला. मग विचारलं, हे तेव्हाही दिसायचे का? मी म्हटलं, ते कुठे जाणार. तो दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसला. आयुष्यात पहिल्यांदा घातल्या, त्याही सगळ्या उलट्या.

यावरून तू काही समजू नकोस हं. तुमचं जुळवायला मी लिहीत नाही. कोणतं कापड रफू करावं आणि कोणतं करू नये, एवढं मला कळतं. तुमचं फाटलं ते तुम्ही दोघांनी बघितलं, ठरवलं, मी त्यात हात घालणार नाही. तो बरा आहे. तूही बरी असावीस. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. दुर्बिणीचा निरोप तू त्याला पाठवलास, मला नाही. इतकी वर्षं एका ओट्यावर चहा प्यायलो आपण, आणि जाताना तू मला नमस्कार केलास, परक्या माणसाला करतात तसा. ते लागलं मला. फार लागलं.

म्हणून माझा डाव असा होता की दुर्बीण द्यायचीच नाही. कंटाळून कधीतरी तू स्वतःच न्यायला येशील, मग मी चहा टाकीन, तुला वर नेईन. पण काल उशीवर कोपरं टेकून बसले होते तेव्हा मनात आलं, आलीस तरी तू दुर्बिणीसाठी येशील. दारातच घेशील, उभ्या उभ्याच जाशील, आणि मी कशावर समाधान मानायचं? म्हणून या पत्राबरोबर ती पाठवतेय. जुन्या कोटाच्या अस्तरात नीट गुंडाळली आहे, काचांना काही होणार नाही. आता या घरात तुझं काहीएक उरलेलं नाही. न्यायचं काही नाही, द्यायचं काही नाही. आता कधी या जिन्यावर तुझी पावलं वाजली, तर ती फक्त माझ्यासाठी असतील. नाही आलीस तर रागावणार नाही म्हणणार होते, पण खोटं कशाला लिहू? रागावेन, रडेनही. पण तुझी वस्तू अडकवून ठेवून तुला बोलावणार नाही.

तुझीच,
आई
(तू दुसरं काही म्हणायला लागेपर्यंत हेच)